चोर्ल्याची वळणं

प्रिय पोरी,

दोन्ही पोरांना घेऊन गोव्यातल्या साखळीहून चोर्ला घाटाने बेळगावला निघालीस, असं कळलं. खेळण्यांची मोठी पिशवी भरतेयस म्हणे. भर, पण निम्मी काढून ठेव. केरी सोडून घाट लागला की खेळणं नाही, रिकामी पिशवी लागते. ओकारीसाठी. दोन-तीन हाताशीच ठेव, डिकीत नकोत.

माझ्या थोरल्याला मी एकदा शिरा-पुरी भरपेट घालून याच वाटेने बसने नेलं होतं. चौथ्या वळणाला माझी साडी तर गेलीच, शेजारच्या बाईंचं पातळही गेलं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, त्यानेच मला जास्त मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा निघण्याच्या तासभर आधी उकड्या तांदळाची पेज नाहीतर केळं, एवढंच. उपाशी मात्र नेऊ नकोस, रिकाम्या पोटीही मळमळतं.

घाटात मोबाईल बंद. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो सांगतो आपण हलतोय. डोळे पडद्यावर खिळलेले, ते म्हणतात जागेवरच आहोत. या भांडणात पोट ढवळतं. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त. म्हणजे तुझी वर्षाची धाकटी बहुधा झोपेल, पाच वर्षांच्या थोरल्याला सांभाळ. त्याला लांबचं बघायला लाव. अंजुण्याच्या धरणाचं पाणी आधी कुणाला दिसतं? पुढे पाट्यांवरची अक्षरं गोल गोल कुठे होतात? नुकता वाचायला लागलाय ना, कन्नड पाटी ओळखली की स्वारी खूश होईल.

धाकटी रडली तर चालत्या गाडीत मांडीवर घेऊ नकोस. जोरात ब्रेक लागला तर आईच्या हातातही मूल राहत नाही. तिच्या सीटवरच असू दे, सरळ गाडी थांबव. उशीर झाला तर झाला, बेळगाव कुठे पळून जात नाही.

घाट चढलात की कणकुंबीला उतरा. माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. आपल्या म्हादईसारखी ही पश्चिमेला येत नाही, पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, हे थोरल्याला सांग. ऐकेलच असं नाही. नाही ऐकलं तर धावू दे.

पोरांच्या कपड्यांबरोबर तुझाही एक जोड वर ठेव. त्या दिवशी मी बेळगावपर्यंत तशीच गेले होते.

तुझी,
आत्या