स्विंग कुणासारखा करू?

प्रश्न: नमस्कार सर, वय ४४, पुण्यात आयटीत आहे. गोल्फ चालू करून दोन वर्षं झाली, हँडिकॅप २६ (म्हणजे एका राउंडला ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तितके जास्त लागतात). कॉलेजात क्रिकेट भरपूर खेळलोय. रोज रात्री यूट्यूबवर गोल्फर रोरी मॅकिलरॉयचा स्विंग, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) फिरवायची पद्धत, स्लो मोशनमधे बघतो आणि रेंजवर (सरावाच्या मैदानावर) तस्साच करायला जातो, पण बॉल उजवीकडेच पळतो, वर तीन कोचनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्यात. माझा स्वतःचा असा नॅचरल स्विंग असतो का, की ते नुसतं बोलायचं?

उत्तर: असतो की! रोरीचा स्विंग रोरीच्या कमरेचा आहे हो, तुमची कंबर दिवसाचे नऊ तास खुर्चीत असते. आज रात्री त्याच्याऐवजी अमेरिकेचा गोल्फर जिम फ्युरिक बघा. क्लब मागे जाताना जवळजवळ उभाच वर जातो आणि खाली येताना मागून मोठ्ठा वळसा मारून येतो, आपल्या रेंजवर कुणी असं केलं तर शेजारचा माणूस न विचारता सल्ला देऊन जाईल. त्याचे वडीलच त्याचे कोच, पण तो वळसा काढायच्या भानगडीत ते पडले नाहीत, आणि हा गडी २००३ ला यूएस ओपन जिंकला, २०१६ ला ट्रॅव्हलर्स चॅम्पियनशिपमधे अख्खा राउंड ५८ फटक्यांत संपवला, पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांमधे) एका राउंडचा इतका कमी स्कोअर त्याआधी कुणीच केला नव्हता.

आता गंमत बघा, बॉलला लागतानाचा फ्युरिकचा क्लब रोरीच्या शेजारी ठेवलात तर फार फरक सापडणार नाही. क्लब बॉलला टेकलेला असतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात फेस (क्लबची बॉलला लागणारी बाजू) कुठे बघतोय, क्लब कुठल्या दिशेनं येतोय, बॉल फेसच्या मधोमध लागला का आणि स्पीड किती, एवढंच बॉलला कळतं. मागे तुम्ही काय नक्षी काढली ते नाही कळत.

पण नॅचरल म्हणजे ग्रिपही वाट्टेल तशी, असं नाही. तुम्ही राइटी (उजव्या हाताचे) आहात असं धरतो. कव्हर ड्राइव्हला आपण बॅट लाइनमधे धरून ठेवतो, मनगट वळू देत नाही, गोल्फमधे तेच केलं की फेस उघडा राहतो आणि बॉल उजवीकडे. मला तरी तुमचं दुखणं हेच वाटतं. क्लब धरून खाली बघा, डाव्या मुठीच्या दोन-तीन गाठी दिसायला हव्यात, एकच दिसत असेल तर मूठ थोडी उजवीकडे फिरवा. पंधरा दिवस विचित्र वाटेल, वाटू दे. एवढं मात्र कोचकडून पक्कं करून घ्या, एकाच कोचकडून!

बाकीचं शरीराला शोधू द्या. लहानपणी तळ्यावर चपटा दगड आडवा फेकून भाकऱ्या काढल्या असतीलच, तेव्हा कोपर कुठे ठेवायचं हे कुणी शिकवलं होतं? वजन आधी डाव्या पायावर जातं, कोपर अंगाला घासून पुढे येतं आणि मग हात सुटतो. रेंजवर गेलात की असे दहा खोटे दगड फेका, लोक बघतील, बघू देत. मग ८ आयर्न (मध्यम अंतराचा लोखंडी क्लब) घ्या, पाय जुळवून अर्ध्या स्विंगनं वीस बॉल मारा. जोर लावलात की तोल जाणार, म्हणून आपोआप तुमचा टेम्पो सापडतो. मग हळूहळू पाय उघडा. आणि व्हिडिओ महिन्यातून एकदाच. मी स्वतः एक अख्खा पावसाळा घरी आरशासमोर बॅकस्विंग (क्लब मागे नेणं) घासण्यात घालवलाय, आरशात एक नंबर दिसायचा, कोर्सवर बॉल झाडीत.

प्रश्न: वय ६१. बॅकस्विंगला माझी डावी टाच उचलली जाते, ग्रुपमधले सगळे म्हणतात चूक आहे. टाच दाबून धरली की कंबर धरते. काय करू?

उत्तर: उचला बिनधास्त. जॅक निकलॉस आयुष्यभर उचलायचे आणि १८ मेजर (गोल्फच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकले, शेवटचं १९८६ चं मास्टर्स, तेही ४६ व्या वर्षी. फक्त खाली येताना आधी टाच टेकवा, मग हात सोडा. टाच हवेत असतानाच मारलंत तर बॉल टॉप होणार (क्लब नुसता त्याच्या डोक्याला लागणार), आणि ग्रुपवाल्यांना आयतंच सापडेल.