कॅटरिनानंतरचं न्यू ऑर्लिन्स वाजतं कुणी ठेवलं?

तुम्ही विचारलंय की मदतीचे ट्रक आणि कॅमेरे निघून गेल्यावर, पुढे वर्षानुवर्षं एखाद्या शहराची संस्कृती कलाकार कशी टिकवतात. मी ह्यूस्टनला राहतो. कॅटरिना चक्रीवादळानंतर अमेरिकेतल्याच न्यू ऑर्लिन्सची हजारो माणसं इथे आली, म्हणून त्याच शहराबद्दल सांगतो.

२९ ऑगस्ट २००५. वादळ निसर्गाचं खरं, पण शहर बुडालं ते माणसांनी बांधलेले बांध आणि पूरभिंती फुटल्यामुळे. जवळपास ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं. २००० साली ४ लाख ८४ हजार असलेली लोकसंख्या २०१० मध्ये ३ लाख ४४ हजारांवर आली. वाजवणारे पांगले आणि ऐकणारेही पांगले.

अशा वेळी आपल्या डोळ्यांसमोर बड्या गायकांचे मदतनिधीचे कार्यक्रम येतात. तेही झाले. पण माझ्या मते शहर तगलं ते गल्लीतल्या क्लबांमुळे. ‘सोशल एड अँड प्लेझर क्लब’ म्हणतात त्यांना. कृष्णवर्णीयांना विमा मिळत नसे, त्या काळात वर्गणी काढून आजारपण आणि अंत्यविधीचा खर्च उचलणाऱ्या मंडळांतून हे क्लब आले. उन्हाळा सोडला तर जवळजवळ दर रविवारी एखाद्या क्लबाची मिरवणूक असते: पुढे क्लबाचे सभासद आणि ब्रास बँड, मागे नाचत येणारी वस्ती. हिला ‘सेकंड लाइन’ म्हणतात. आपल्या गणेश मंडळासारखंच, पोशाखाचा खर्च खिशातून आणि भांडणंही तितकीच! घर उरलं नव्हतं अशी माणसं ह्यूस्टन-अटलांटाहून गाडी हाकत रविवारपुरती जायची.

२००६ च्या जानेवारीत, अजून पाच महिनेही झाले नव्हते, कित्येक क्लबांनी मिळून मोठी मिरवणूक काढली. त्यानंतर गोळीबार झाला आणि पोलीस बंदोबस्ताचं शुल्क तिपटीहून जास्त वाढलं. क्लब गप्प बसले नाहीत, थेट कोर्टात गेले. २००७ मध्ये तडजोड होऊन शुल्क खाली आलं. त्याच वर्षी ट्रेमे या जुन्या वस्तीत ट्यूबा हे मोठं पितळी वाद्य वाजवणाऱ्या एका दिवंगत वादकासाठी निघालेल्या मिरवणुकीतून पोलिसांनी दोन वादकांना पकडून नेलं. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा रस्त्यावर! संस्कृती टिकवणं म्हणजे वाजवण्याइतकंच हे परवान्यांचं, तारखांचं कंटाळवाणं कामही असतं.

मार्डी ग्रा इंडियन्स हा आणखी वेगळा प्रकार. मार्डी ग्रा म्हणजे इथला कार्निव्हलचा सण, आणि हे ‘इंडियन्स’ म्हणजे मूळ अमेरिकी आदिवासींसारखा पोशाख करणारे कृष्णवर्णीयांचे गट, त्यांना टोळ्या म्हणतात. मणी आणि पिसांचा अवजड पोशाख वर्षभर रात्री जागून हाताने शिवायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवा. पुरात जुने पोशाख गेले, पण सुई चालवणारा हात शाबूत होता. त्यातल्या काही टोळ्या २००६ च्या मार्डी ग्राला बाहेर पडल्याही.

पण पुढची पिढी? शाळांचे बँड मोडले होते. रीबर्थ ब्रास बँडचा ड्रमवादक डेरिक टॅब याने २००७ मध्ये ‘रूट्स ऑफ म्युझिक’ सुरू केलं. शाळा सुटल्यावर मुलांना वाद्य, शिकवणी, जेवण आणि गाडीची सोय, सगळं मोफत. गाडी आणि जेवण नसतं तर किती मुलं आली असती, याचा विचार करा.

घरांचं मात्र अर्धवटच जमलं. हॅरी कॉनिक ज्युनियर आणि ब्रॅनफर्ड मार्सालिस या न्यू ऑर्लिन्सच्याच संगीतकारांच्या कल्पनेतून अप्पर नाइन्थ वॉर्ड या वस्तीत ७२ घरांचं ‘म्युझिशियन्स व्हिलेज’ उभं राहिलं, २०११ मध्ये तिथे संगीत केंद्रही सुरू झालं. पण अनेक वादकांची बिदागी रोखीत, उत्पन्नाचे कागद नाहीत, त्यामुळे कित्येकांना घरासाठी कर्जच मंजूर होईना. दुसरीकडे ट्रेमेत घरांचे भाव आणि भाडी वाढत गेली. संगीताच्या ओढीने पाहुणे यायचे, पण वाजवणाऱ्यालाच तिथे राहणं परवडेना. पुरापेक्षा मला या गोष्टीची जास्त भीती वाटते.

कधी गेलात तर रविवार गाठा. मिरवणुकीचा मार्ग डब्ल्यूडब्ल्यूओझेड रेडिओच्या संकेतस्थळावर मिळतो, तिकीट नसतं. पाणी आणि सुटे डॉलर जवळ असू द्या, आणि फोटो काढताना बँडच्या वाटेत येऊ नका.