बाजाराचा वार धरून पेर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

रोहिणीच्या दोन सरी पडल्या आणि तू भाजीचं सगळं बी एकदम पेरायला काढलंस, असं तुझ्या आईकडून कळलं. म्हणून हे घाईनं लिहितेय. जरा थांब.

75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं ते कोरडवाहू पिकांसाठी. तुझ्या विहिरीला पाणी आहे, तेव्हा पावसासाठी तुझं फार अडणार नाही. वापशासाठी, म्हणजे रानातली ओल पेरणीजोगी होईपर्यंत, मात्र थांबावंच लागेल. वरचा थर बाजूला सारून वीतभर खालची माती घे, मुठीत घट्ट दाब आणि कमरेच्या उंचीवरून सोड. पडून फुटली तर वापसा आहे. गोळा तसाच राहिला, बोटांना चिकटला, तर औत बाहेर काढू नको. काळ्या रानात ओल्यात काम केलं की ढेकळं दगडासारखी वाळतात आणि त्यात मेथीचं बारीक बी नीट उगवत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुझं गिऱ्हाईक आठवडी बाजाराच्या वारी पिशवी घेऊन येतं. त्याला दर आठवड्याला तुझ्याकडे काहीतरी दिसायला हवं. पाच गुंठे मेथी एका दिवशी पेरलीस तर ती काढायलाही एकदमच येईल. अर्धी विकशील, उरलेली जून होऊन जाईल. त्यापेक्षा दर आठवड्याला एक गुंठा पेर. बाजाराचा वार धर आणि तिथून उलटे दिवस मोज: मेथी-पालकाला महिनाभर, कोथिंबिरीला चाळीस-पंचेचाळीस दिवस, भेंडीचा पहिला तोडा साधारण पन्नासाव्या दिवशी.

सणवारही धर. आषाढी एकादशीपासून चातुर्मासात बऱ्याच घरांत कांदा, लसूण, वांगी बंद होतात. श्रावण लागला की दोडका, घोसाळी, काकडी, भेंडी, अळू मागतात. यातले वेल मृगातच लागले पाहिजेत. श्रावण आल्यावर बी टाकून उपयोग नाही.

पालेभाजी सपाट वाफ्यात पेरू नको. या दिवसांत पाणी तुंबलं की एका रात्रीत मुळं कुजतात. गादीवाफे कर आणि मधल्या सरीला उतार ठेव. धने हलके रगडून दोन पाकळ्या कर, रात्रभर भिजव, सावलीत सुकवून मग पेर. शेणखत पुरतं कुजलेलंच घाल, कच्च्यात मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या वाढतात. पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुलिंबावर, बाभळीवर तिचे भुंगेरे येतात. आजूबाजूच्या पोरांना गोळा कर, फांद्या हलवून खाली पाडा आणि रॉकेलच्या पाण्यात टाका. ही चार संध्याकाळची मेहनत मला फवारणीपेक्षा जास्त मोलाची वाटते.

भाजी आदल्या संध्याकाळी काढ. मुळांची माती झटक, पिवळी पानं खुडून टाक, जुडी बांधून ओल्या गोणपाटाखाली उभी ठेव. पाण्यात बुडवून ठेवू नको, सकाळपर्यंत पानं काळी पडतात. आणि जुडी आत पोकळ बांधायची नाही. बाई घरी जाऊन सोडते तेव्हा तिला सगळं दिसतं.

2016 साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, तेव्हापासून शहरात थेट विकणं सोपं झालंय. तरी सुरुवात गावच्या बाजारापासूनच कर. पावसाची झड लागून कोथिंबीर महागली की व्यापारी बांधावर येईल, शेकड्याला चांगला भाव सांगेल. थोडी दे त्याला. पण बाजाराच्या वारी तुझ्या पाटीत वीस-पंचवीस जुड्या असल्याच पाहिजेत, कारण भाव पडल्यावर तो व्यापारी येत नाही, पिशवीवाली बाई येते.

दोडक्याचं गावठी बी माझ्याकडे राखून ठेवलंय. मृग लागायच्या आत येऊन घेऊन जा आणि येताना रानाची ओंजळभर माती आण, एकदा बघू दे.

तुझी,
मावशी