वाचकांचे प्रश्न : हाड जुळलं, मग गाडी कधी?

या वेळी मोटरसायकलच्या अपघातानंतरच्या अडचणी विचारणारी पत्रं जास्त आली. त्यातले चार प्रश्न निवडले आहेत. दोन शरीराचे आहेत, एक गाडीचा आणि एक ब्रेकचा.

प्रश्न : गाडीवरून पडून हासळीचं हाड मोडलं. सहा आठवडे झोळी होती. हाड जुळतंय, असं डॉक्टर म्हणतात. आता गाडी चालवू का? त्याच हाताचं मनगटही अजून दुखतं, पण पहिल्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नव्हतं.

आधी मनगटाचं बघा, कारण ते जास्त घाईचं आहे. अंगठा मागे ताणला की त्याच्या मुळाशी दोन शिरांच्या मध्ये खळगा पडतो. तिथे दाबल्यावर कळ येत असेल, तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडल्याची शंका घ्यावी लागते. पडताना तळहात टेकला की हमखास याच्यावर ताण येतो. त्याची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून १० ते १४ दिवसांनी दुसरा एक्स-रे किंवा एमआरआय काढतात. तुमची ती मुदत कधीच उलटली आहे, तेव्हा याच आठवड्यात दाखवा. या हाडाला रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकाने होतो. मधेच मोडलं की मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो, हाड जुळत नाही आणि पुढे सांधा झिजतो. ‘मुरगळलंय, जाईल’ म्हणून सोडून द्यायचं दुखणं हे नव्हे.

आता हासळी. मोठ्या माणसात ती जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. सहाव्या आठवड्यात दिसतो तो हाडाचा नवा, कच्चा जोड. शिवाय इतके दिवस झोळीत राहून खांदा आखडलेला असतो. डॉक्टरांची हरकत नसेल तर कमरेत वाका, चांगला हात टेबलावर टेका, दुखरा हात सैल सोडा आणि त्याचे लहान गोल फिरवा. दहा एका दिशेने, दहा उलट, दिवसातून तीन-चार वेळा. मग भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायला लागा. सिगारेट ओढत असाल तर निदान हाड जुळेपर्यंत बंद ठेवा. तिने हाड भरायला उशीर होतो, हे पक्कं ठाऊक असलेलं आहे.

गाडी चालवायची तारीख कॅलेंडरवरून ठरवू नका. गाडी उभी ठेवून, इंजिन बंद असताना स्वतःची परीक्षा घ्या. क्लच आणि ब्रेकचं लिव्हर सलग वीस वेळा पूर्ण दाबता येतं का? हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत दुखल्याशिवाय वळतं का? दोन्ही खांद्यांवरून मागे बघता येतं का? थोडी कललेली गाडी सावरून सरळ करता येते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भिंतीला हात टेकून दहा जोर काढा. जोराचा ब्रेक लागला की धडाचा भार हातांवर येतो. त्या क्षणी खांद्यात कळ आली की हात आपोआप ढिला पडतो. एवढं जमलं की डॉक्टरांना विचारून सुरुवात करा. ट्रॅमाडॉलसारखी गुंगी आणणारी वेदनाशामक गोळी चालू असेल, तर मात्र बाकी सगळं जमलं तरी नाही.

प्रश्न : आमच्या ह्यांच्या हेल्मेटला नुसता ओरखडा आहे, म्हणून ते नवीन घेत नाहीत. अपघाताला तीन आठवडे झाले, तरी डोकं जड राहतं, चिडचिड होते, उजेड सहन होत नाही. तरी गाडी न्यायची म्हणतात.

हेल्मेट बाद झालं. मार शोषून घेतो तो कवचाच्या आतला थर्माकोलसारखा थर. तो एकदाच दबतो, पुन्हा फुगत नाही, आणि दबलेला भाग बाहेरून दिसतही नाही. नवं हेल्मेट घेताना पट्टा बांधून डोकं न हलवता हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवून बघा. कपाळाची कातडी सोबत ओढली गेली पाहिजे. मग मागची कड धरून पुढे उलटवायचा प्रयत्न करा. निघून आलं तर माप चुकलं.

तुम्ही सांगता ती लक्षणं डोक्याला बसलेल्या हादऱ्याची आहेत. ती असेपर्यंत गाडी नाही, कारण प्रतिक्रिया मंदावलेली असते आणि त्यात पुन्हा डोकं आपटलं तर पहिल्यापेक्षा जास्त महागात पडतं. डॉक्टरांना पुन्हा दाखवा. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, झोपेतून नीट जाग येईना, बोलणं अडखळलं, हातपाय लुळा पडला किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, तर वेळ न घालवता थेट इस्पितळात न्या.

प्रश्न : गाडी फक्त एका बाजूला पडली होती. बाकी ठीक दिसते, पण सरळ जाताना हँडल किंचित डावीकडे ठेवावं लागतं. हँडल बदललं की झालं ना?

कदाचित झालं, कदाचित नाही. हँडल हा त्यातला सगळ्यात स्वस्त संशयित आहे. त्यामागे फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाइप), टी (ते पाइप आवळून धरणारा भाग), कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) आणि चेसिस (गाडीचा सांगाडा) आहेत, आणि त्याच क्रमाने बघत जायचं.

पुष्कळदा काहीच वाकलेलं नसतं, फोर्कचे दोन पाइप टीमध्ये फक्त पिरगळलेले असतात. पुढचा एक्सल, खालच्या टीचे आवळबोल्ट आणि मडगार्डचे बोल्ट सैल करा. पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरा आणि हँडल ओढून सरळ करा. फोर्क तीन-चार वेळा जोरात दाबून सोडा, म्हणजे पाइप आपापल्या जागी बसतात. मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने आणि तेवढ्याच टॉर्कने बोल्ट आवळा. अंदाजपंचे आवळलेला एक्सल कशाला परवडेल?

तरीही तिरकं राहिलं तर पाइप बाहेर काढावे लागतील. सपाट काचेवर लोळवले की वाकलेला पाइप उड्या मारतो. बऱ्याच मॅन्युअलांत याची मर्यादा ०.२ मिमी असते. ठोकून सरळ केलेला पाइप पुन्हा वापरू नये, असं आमचं मत आहे, दुकानदार काहीही म्हणो.

पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल हळूहळू फिरवा. मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं, तर कोनसेट गेला. फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवल्यावर खुटखुटलं तर तो सैल आहे. त्याच वेळी रिमजवळ खिळा धरून चाक फिरवा आणि आउट, म्हणजे रिमचा डगमग, किती आहे बघा. साधारण २ मिमीच्या वर गेलं तर रिम दाखवून घ्या. ब्रेक धरल्यावर लिव्हर बोटांखाली धडधडत असेल, तर डिस्क वाकलेली असू शकते.

चेसिससाठी दोरी पुरते. साखळीच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या करा. मागच्या टायरला जमिनीपासून वीतभर उंचीवर दोरी गुंडाळून दोन्ही टोकं पुढे ताणा, ती मागच्या टायरच्या पुढच्या कडेला जेमतेम टेकली पाहिजेत. पुढचं चाक सरळ ठेवल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना फट सारखी यायला हवी. (पुढचं टायर बहुधा अरुंद असतं, म्हणून फट दिसतेच.) बाकी सगळं सरळ असूनही ती सारखी येत नसेल, तर चेसिस जिगवर (मापाच्या चौकटीवर) मोजणाऱ्याकडेच न्या.

एक गोष्ट मात्र आजच बघा. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडा. तो स्वतःहून झटकन मागे आला पाहिजे. पडल्यावर ग्रिप सरकून किंवा केबल दबून तो अडकतो, आणि ही खराबी पहिल्याच वळणावर उघडकीला येते.

प्रश्न : चौकात समोरची कार अचानक वळली. मी मागचा ब्रेक दाबला, गाडी घसरली. आता प्रत्येक चौकात हात आखडतात. भीती कशी घालवू?

तुमचा अपघात जुन्या ओळखीचा आहे. अमेरिकेत प्रा. हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली. १९८१च्या त्या अहवालात हेच आहे : दुसऱ्या वाहनाशी झालेल्या धडकांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत त्या वाहनाने मोटरसायकलचा रस्ता अडवला, आणि बहुतेक चालकांनी मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त, पुढचा कमी दाबला. टाळायला हातात वेळ होता जेमतेम दोन सेकंद.

ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर जातं. मागचं हलकं होतं, म्हणून ते लगेच घसरतं. कोरड्या डांबरावर ताशी ५० किमी वेगाने दोन्ही ब्रेक नीट लावले, तर एका सेकंदाची प्रतिक्रिया धरून साधारण २८ मीटरमध्ये गाडी थांबते. त्यातले १४ मीटर प्रतिक्रियेतच जातात. ७० किमीला हेच अंतर ४६ मीटरच्या आसपास होतं. नुसत्या मागच्या ब्रेकने ब्रेकिंगचा भाग जवळपास दुप्पट होतो.

मोकळं, कोरडं, खडी नसलेलं मैदान शोधा. ताशी ३० किमीला पुढचं लिव्हर आधी हलकं दाबा, फोर्क खाली बसू द्या, मग दाब वाढवत न्या. झटका द्यायचा नाही. एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) नसेल आणि पुढचं चाक अडकलं, तर लगेच सोडा आणि पुन्हा दाबा. एबीएस असेल तर लिव्हर थरथरलं तरी सोडू नका. गाडी सरळ ठेवा, नजर दूर ठेवा. एका बैठकीत दहा-बारा वेळा पुरे, त्यापुढे हात थकतात आणि चुकीची सवय लागते. ३० जमलं की ४०, मग ५०.

चौकाकडे येताना अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि दोन बोटं आधीच ब्रेकवर ठेवा. समोरच्या गाडीचा दिवा किंवा ड्रायव्हरचा चेहरा बघण्यापेक्षा तिचं पुढचं चाक बघा. गाडी निघते तेव्हा चाक आधी फिरतं. ड्रायव्हरने तुमच्याकडे बघितलं म्हणजे तुम्ही त्याला दिसलात, असं मुळीच नाही.

भीतीची पायरी लहान ठेवा. आधी बंद गाडीवर नुसतं बसा, मग आवारात चालवा, मग रिकाम्या रस्त्यावर आणि शेवटी गर्दी नसताना त्याच चौकात. प्रत्येक पायरीवर धडधड ओसरेपर्यंत थांबा, मधेच पळ काढला तर भीती मुरते. पहिले काही आठवडे अशी भीती वाटणारच. पण महिना उलटूनही तो प्रसंग स्वप्नात येत असेल, किंवा मागे बसायचंही टाळावंसं वाटत असेल, तर मैदानावरचा सराव बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या.