पेन्शन बहिणीच्या नावावर, मग कर तिघांत कसा वाटणार?

प्रश्न थोडक्यात असा. वडील केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी. आईवडील दोघंही गेल्यानंतर घटस्फोटित बहिणीला फॅमिली पेन्शन मंजूर झाली आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षात मागच्या काही वर्षांची थकबाकी, १८ लाख रुपये, तिच्या खात्यात एकरकमी जमा झाली. तिघा भावंडांनी नोटरीसमोर करार करून प्रत्येकी सहा लाख घेतले. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, तेव्हा आता तिघांनी आपापल्या विवरणपत्रात सहा-सहा लाख दाखवले तर चालेल का?

नाही चालणार. अशी पत्रं सारखी येतात, आणि प्रत्येकात करार आधी होतो, वकील नंतर आठवतो.

तुम्ही पेन्शनला वडिलांची मालमत्ता समजून बसलात, सगळं तिथंच बिघडलं. फॅमिली पेन्शन वारसाहक्काने येत नाही. ती मृताच्या मालमत्तेचा भाग नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने व्हायोलेट इसाक खटल्यात १९९१ सालीच सांगितलं आहे. नियमात जी व्यक्ती बसते तिचाच तो हक्क, म्हणून पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, फक्त बहिणीचं नाव आहे. सगळे १८ लाख तिचं उत्पन्न, ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या सदराखाली. नव्या करप्रणालीत त्यातून फार तर २५ हजारांची वजावट मिळेल. हातात आल्यावर तिने ते कोणाला दिले याच्याशी आयकर खात्याला देणंघेणं नाही. तुम्हा भावांना मिळालेले सहा लाख ही सख्ख्या बहिणीने दिलेली भेट. त्यावर तुम्हाला कर नाही. ‘सहा लाख बारा लाखांच्या आत बसतात’ हा तुमचा हिशेब म्हणूनच निरुपयोगी.

बँकेने टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही, असंही समजू नका. फॅमिली पेन्शन हा पगार नव्हे, म्हणून कापला नाही एवढंच. आगाऊ कर भरला नसेल तर व्याजही लागू शकेल.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते. थकबाकी ज्या ज्या वर्षांची आहे त्या त्या वर्षांत ती मिळाली असती तर जेवढा कर पडला असता, त्यापेक्षा आज जास्त पडत असेल तर आयकर कायद्याच्या कलम ८९ खाली तो फरक सवलत म्हणून मिळतो. बहिणीचं बाकी उत्पन्न किरकोळ असेल तर कराचा मोठा भाग यातच उडेल. नेमका किती, ते वर्षवार आकडे पाहिल्याशिवाय सांगणार नाही. पण त्यासाठी फॉर्म १०-ई आयकर खात्याच्या पोर्टलवर ऑनलाइन भरावा लागतो, आणि तोही विवरणपत्राच्या आधी. आधी विवरणपत्र, मग फॉर्म असं केलंत की सवलत नाकारल्याची सूचना येते आणि पुढे अर्ज-अपिलांत वर्षं जातात. विवरणपत्र अजून भरलेलं नाही असं तुम्ही लिहिता. तेवढं एक बरं केलंत. थकबाकीचा वर्षवार तक्ता बँकेकडून किंवा पेन्शन कार्यालयाकडून लेखी घ्या; त्याशिवाय फॉर्म भरता येणार नाही.

कराराच्या प्रतीत ‘बहीण स्वतःच्या कमाईवर समर्थ असल्याने’ असं वाक्य आहे. हे कोणी सुचवलं? घटस्फोटित मुलीला पेन्शन मिळते ती ती पालकांवर अवलंबून होती म्हणून, आणि तिचं स्वतःचं उत्पन्न दरमहा ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता या मर्यादेच्या आत आहे म्हणून. तुमच्या वाक्याने तिची पात्रताच वादात येऊ शकते, आणि मग प्रश्न कराचा न राहता दिलेल्या पेन्शनच्या वसुलीचा होईल. तिचं खरं उत्पन्न मर्यादेत असेल तर त्याचे पुरावे आजच गोळा करा. नसेल, तर हा कागद घेऊन आधी वकिलाला भेटा.

थकबाकीत वडिलांच्या हयातीत देय झालेली, पण त्यांना न मिळालेली पेन्शन मिसळली असेल तर ती रक्कम मात्र वेगळी काढा. ती वारसांची, त्यामुळे तिची वाटणी योग्य. तिचा कर वडिलांचं उत्पन्न म्हणून, वारसामार्फत भरायचा. कोणत्या वर्षात, हे देय तारखा पाहूनच ठरेल.