फॅसिलिटी मॅनेजमेंटची एम.एस्सी. करून सोलापूरच्या माणसाला काय मिळतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातच बी.ई. इलेक्ट्रिकल केलं, तीन वर्षं एका साठ खाटांच्या खासगी रुग्णालयात मेंटेनन्स बघताय आणि आता ब्रिटनमधली फॅसिलिटी मॅनेजमेंटची, म्हणजे सुविधा व्यवस्थापनाची, एक वर्षाची एम.एस्सी. मनात आहे. वडील म्हणतात, "झाडलोट आणि नळदुरुस्ती शिकायला परदेशात कशाला जायचं?" करावं का, आणि वडिलांना काय सांगावं, असं तुम्ही विचारलंय.

मी ही एम.एस्सी. केली आहे. पण दूरशिक्षणातून, नोकरी करत, तीन वर्षांत. त्याआधी सहा वर्षं मी तुमच्याच जागी होते, सोलापुरातल्याच एका रुग्णालयात. सध्या पुण्यात खराडीला एका ऑफिस संकुलाचं काम बघते.

मला हा विषय का शिकावासा वाटला, ते आधी सांगते. मे महिना, रात्रीचे दोन. लाइट गेली आणि जनरेटर लागलाच नाही. आयसीयूतल्या व्हेंटिलेटरना स्वतःची बॅटरी असते, तेवढ्यावर वेळ निभावली. वायरमनमामांनी अंगणातल्या रुग्णवाहिकेची बॅटरी काढून आणली, जोडली, मग जनरेटर धरला. बावीस मिनिटं गेली. ती बावीस मिनिटं नातेवाइकांचे चेहरे बघत मी जिन्यात उभी होते. दुसऱ्या दिवशी फाइल काढली. सर्व्हिसवाला वर्षात ठरल्याप्रमाणे चार वेळा येऊन गेला होता, चारही रिपोर्टवर सगळीकडे बरोबरच्या खुणा होत्या. करारात लिहिलं होतं, 'वर्षातून चार भेटी'. त्यानं करार मोडला नव्हता. आम्ही भेटी विकत घेतल्या होत्या, वीज नाही.

हे वाक्य तेव्हा मला सुचलं नव्हतं. अभ्यासक्रमात कराराचा विषय शिकताना सुचलं. किती माणसं लावणार, किती वेळा येणार, असं लिहिलेला करार एक. लाइट गेल्यापासून दहा सेकंदांत जनरेटरनं भार उचलला पाहिजे, दर महिन्याला प्रत्यक्ष भार टाकून चाचणी झाली पाहिजे, बॅटरी अमुक महिन्यांनी बदललीच पाहिजे आणि न झाल्यास बिलातून इतकी कपात, असं लिहिलेला करार वेगळा. पैसा बहुतेक तेवढाच लागतो. फरक लिहिणाऱ्यात असतो. वडिलांना सांगायचं तर हे सांगा: नळ दुरुस्त करायला प्लंबर आहे, तो ते काम तुमच्यापेक्षा चांगलं करतो. नळ बिघडायच्या आधी कोणी, कधी, किती पैशांत काय करायचं आणि बिघडलाच तर कोणाचं काम अडेल, हे ठरवायचं शिक्षण म्हणजे ही एम.एस्सी.

आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं या क्षेत्राची जी व्याख्या केली आहे तिच्यात माणसं, जागा आणि कामाची पद्धत या तिन्हींना एकत्र बांधणारं काम, असं म्हटलंय. हेतू दोन: आत राहणाऱ्या-वावरणाऱ्यांचं जगणं सुधारणं आणि संस्थेचं मूळ काम नीट चालू देणं. रुग्णालयाचं मूळ काम रुग्ण बरे करणं. तुमचा पंप, तुमची लिफ्ट, तुमचा हाउसकीपिंगचा ठेकेदार हे सगळं त्यासाठी. 2018 साली आयएसओ 41001 हे मानक आलं, त्याचा पायाही हाच. आपल्याकडच्या राष्ट्रीय इमारत संहितेतसुद्धा 2016 पासून मालमत्ता आणि सुविधा व्यवस्थापनाचा स्वतंत्र भाग 12 आहे. तुमच्या रुग्णालयात तो कोणी उघडून पाहिला असेल असं मला वाटत नाही. आम्ही तर पाहिला नव्हता.

दुसरी गोष्ट शिकले ती यंत्राच्या आयुष्यभराच्या खर्चाची. तुमच्या साहेबांना पटवायला ही सगळ्यात उपयोगी, म्हणून गणितच मांडते. दहा हॉर्सपॉवरचा पंप धरा, म्हणजे साधारण साडेसात किलोवॅट. रोज आठ तास चालला तर वर्षाला 21,900 युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर 2,19,000 रुपये. पंपाची किंमत याच्या अर्ध्याहूनही कमी. आणि खरेदीच्या बैठकीत भांडण कशावर? पंप पाच हजारांनी स्वस्त कोण देतो यावर. पंधरा टक्के कमी वीज खाणारा पंप पंचवीस हजारांनी महाग असला तरी वर्षाला 32,850 रुपये वाचवतो, म्हणजे नऊ-दहा महिन्यांत फिटला. पुढची दहा वर्षं तो रुग्णालयाला पैसे देतो. हा हिशेब बारावीच्या मुलालाही येतो. पण देखभाल विभागानं तो कागदावर मांडून खरेदीच्या आधी टेबलावर ठेवायचा असतो, ही सवय मला अभ्यासानं लावली.

आता परदेशी पुस्तकात नसलेलं सोलापूर. त्यांच्या पुस्तकात पाणी नळाला येतंच. आपल्याकडे उजनीचं पाणी कित्येक भागांत अनेक वर्षं चार-पाच दिवसांआड सुटत आलंय. इमारत संहितेत शंभर खाटांपर्यंतच्या रुग्णालयाला खाटेमागे दिवसाला 340 लिटर पाणी धरलंय. तुमच्या साठ खाटांना दिवसाला 20,400 लिटर. पाच दिवसांचं अंतर पडलं तर 1,02,000 लिटर साठवण हवी, आगीसाठी राखून ठेवायचं पाणी वेगळं. तुमच्या टाक्या मोजा एकदा. उरलेली तूट टँकरनं भागते, आणि टँकरचं बिल कोणत्या खात्यात टाकलं जातं तेही बघा. आमच्याकडे ते 'किरकोळ' मध्ये जायचं! उन्हाळ्यात पारा 43 च्या पुढे गेला की आणखी एक पेच. आपली हवा कोरडी, त्यामुळे ओपीडीच्या हॉलला डेझर्ट कूलर छान चालतो आणि एसीपेक्षा वीज फार कमी खातो. पण तो पाणी पितो, तेही नेमकं पाणी सर्वांत महाग असलेल्या महिन्यात. वीज वाचवायची की पाणी? लंडनमधल्या प्राध्यापकाला हा प्रश्न पडत नाही. माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शकांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी मला तो भाग वाढवायला लावला. म्हणून म्हणते, तिकडे गेलात तरी प्रबंधाचा विषय इथलाच घ्या.

झाडलोटीबद्दलही बोलायला हवं, कारण तुमच्या वडिलांनी ती हिणवली आणि मला ते लागलं. रुग्णालयात जंतुसंसर्ग थांबवणाऱ्या पहिल्या फळीत आमच्या हाउसकीपिंगच्या मावशी आहेत. आमच्याकडे अकरा जणी होत्या. कोणी तेलुगू बोलणाऱ्या, कोणी अक्कलकोटकडच्या, घरात कन्नड, दोघीतिघी मराठी. आणि भिंतीवर केमिकलचा तक्ता इंग्रजीत! बाटल्यांवर नुसते नंबर: आर-वन बाथरूमला, आर-टू फरशीला, आर-थ्री काचेला, आर-सिक्स संडासाला. आर-सिक्समध्ये आम्ल असतं. ते हायपोक्लोराइटच्या, म्हणजे ब्लीचच्या, बादलीत पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. हे कोणीच त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं नव्हतं. मी तेलुगूत सांगितलं, एका नर्सबाईनं कन्नडमध्ये. मग चित्रांचा तक्ता केला, बाटलीच्या रंगाचीच बादली आणि त्याच रंगाचं फडकं. प्रशिक्षण, जोखीम, संवाद हे अभ्यासक्रमातले मोठमोठे शब्द मला त्या बादल्यांपाशी कळले. आणि एक: गटार किंवा सेप्टिक टँक तुंबला की ठेकेदार माणूस आत उतरवायला निघतो. संरक्षक साधनांशिवाय माणूस असा उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. तुमच्या आवारात ते होऊ द्यायचं नाही, ही तुमची जबाबदारी, ठेकेदाराची एकट्याची नाही.

आगीवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. 18 मे 2025 ला आपल्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली, 8 जीव गेले. कारखाना आणि घर एकाच इमारतीत होतं. ती बातमी वाचून मी भवानी पेठेतला आमचा शेड आठवत बसले. खाली चार माग, वर आम्ही. एकच शटर, आणि शटरलगत सुताची गाठोडी, कारण टेम्पोत चढवायला तिथून सोपं. आम्ही भावंडं वरच्या खोलीत झोपायचो. माझ्या वडिलांनी हयगय केली असं नाही. जागा तेवढीच होती आणि धोका म्हणून तिकडे बघायला कोणी शिकवलंच नव्हतं. अभ्यासक्रमात बाहेर पडण्याच्या वाटांचा धडा आला तेव्हा सरावासाठी मी त्याच शेडचा नकाशा काढला. दुसरी वाट मागच्या बोळात निघत होती. एक खिडकी काढून दार करायचं, एवढंच काम. तोवर माग विकून झाले होते, पण त्या सुट्टीत मी आमच्या बोळातल्या ओळखीच्या चार घरी जाऊन हे बोलले. दोघांनी तसं दार करून घेतलं.

तुमच्या रुग्णालयापुरतं सांगते. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे, अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं नमुना 'ब' प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. कागद येतो. त्या दिवशी हायड्रंट, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा नळ, उघडून पाणी बाहेर पडताना तुम्ही डोळ्यांनी बघितलंत का, हे मी विचारेन. ब्रिटनमध्ये तुम्हाला त्यांचा 1974 चा कामाच्या जागेवरचा आरोग्य-सुरक्षा कायदा शिकवतील. कलमं इथे चालत नाहीत. जोखीम आधी लिहून काढायची, कोणाला कशामुळे इजा होऊ शकते ते नाव घेऊन मांडायचं, ही रीत मात्र जशीच्या तशी घेऊन या.

आता व्यवहाराचं. एक वर्षासाठी तिकडे जायचं तर फी आणि राहणं मिळून आकडा पंचवीस-तीस लाखांच्या घरात सहज जातो. घर गहाण ठेवून जाणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे, जाऊ नका. दूरशिक्षणानं तीच पदवी देणारे अभ्यासक्रम आहेत. फी टप्प्यानं भरता येते आणि सकाळी शिकलेलं दुपारी रुग्णालयात करून बघता येतं. मला याचाच जास्त फायदा झाला. त्याआधी पाणी किती खोल ते बघायचं असेल तर सुविधा व्यवस्थापकांच्या इफ्मा या अमेरिकी संघटनेचं एफएमपी हे प्रमाणपत्र करा. चालवणं-देखभाल, प्रकल्प, पैसा आणि नेतृत्व अशा चार विषयांचं आहे, नोकरी करत होतं. त्यातला पैशाचा विषय तुम्हाला कंटाळवाणा वाटला तर एम.एस्सी.चा विचार सोडा, कारण तिथे अर्ध्याहून जास्त वेळ बजेट, करार आणि अहवाल यांतच जातो. इलेक्ट्रिकलचं कौतुक तिथे फारसं होत नाही. आपल्याकडे बांधकाम व्यवस्थापन किंवा रिअल इस्टेटच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत हा विषय एखाद्या पेपरपुरता येतो. तेवढ्यासाठी दोन वर्षं घालवू नका.

नोकऱ्या पुण्या-मुंबईत आणि हैदराबादेत जास्त, हे खरंच. पण सोलापुरात उपयोग नाही असं म्हणू नका. मोठी रुग्णालयं इथे आहेत, आजूबाजूच्या जिल्ह्यांतूनच काय, कर्नाटकातूनही रुग्ण येतात. एनटीपीसीचा 1320 मेगावॅटचा प्रकल्प आहे, चिंचोळी एमआयडीसी आहे. कुंभारीच्या रे नगरात जानेवारी 2024 मध्ये 15,000 घरांचा ताबा दिला गेला. विडी कामगार, यंत्रमाग कामगार तिथे राहायला गेले. तेवढ्या घरांचं पाणी, जिन्यातले दिवे, सांडपाणी, कचरा पुढची तीस वर्षं कोण आणि कशा पैशांत सांभाळणार? हा आपल्या विषयाचाच प्रश्न आहे, आणि तो सोडवायला शिकलेली माणसं आपल्याच गावची असावीत असं मला फार वाटतं.

तुम्ही जावं का, याचं उत्तर तुमच्याच फाइलींत आहे. या आठवड्यात रुग्णालयातले सगळे देखभालीचे करार बाहेर काढा: जनरेटर, लिफ्ट, एसी, ऑक्सिजनची पाइपलाइन, हाउसकीपिंग. प्रत्येकात आपण भेटी घेतल्यात की काम, ते पेन्सिलीनं लिहा. कोणता करार नव्यानं लिहावासा वाटतोय आणि लिहिताना नेमकं कुठे अडायला होतंय, ते एका पानावर उतरवा. अर्जासोबत जो उद्देशाचा निबंध मागतात, त्यात तेच पान द्या. आणि करार उघडायच्या आधी, आजच, जनरेटरच्या बॅटरीवर बसवल्याची तारीख बघून या.