चहा सोडल्याने रक्तदाब उतरेल का?

प्रश्न : माझे वय ५४ वर्षे असून दोन वर्षांपासून रक्तदाबाची एक गोळी रोज सकाळी घेतो. दिवसाला चार कप चहा होतो. परवा चहा घेतल्यावर अर्ध्या तासाने घरच्या मशीनवर रक्तदाब पाहिला, तर १४८/९० निघाला. एरवी तो १३२/८२ च्या आसपास असतो. तेव्हापासून घरचे ‘चहा बंद करा’ म्हणून मागे लागले आहेत. खरोखरच सोडावा का?

उत्तर : चहा सोडण्याची घाई करू नका, आधी रक्तदाब मोजण्याची वेळ बदला. अ‍ॅडेनोसिन हे द्रव्य एरवी रक्तवाहिन्या सैल ठेवते. चहातील कॅफीन त्याचे काम अडवते, त्यामुळे वाहिन्या काही वेळ आक्रसतात आणि वरचा आकडा पाच-दहा अंकांनी चढू शकतो. ही वाढ काही तासांत ओसरते आणि रोज चहा पिणाऱ्यांच्या शरीराला सवय झालेली असल्याने त्यांच्यात ती बहुधा कमीच असते. म्हणूनच आपल्याला दिसलेली सोळा अंकांची वाढ सगळी चहाच्या माथी मारणे मला पटत नाही. पट्टा शर्टाच्या बाहीवरून बांधला, हात अधांतरी राहिला, लघवी तुंबलेली असली किंवा मोजताना बोलणे चालू राहिले, तरी तेवढा फरक सहज पडतो.

सकाळी चहा आणि गोळी घेण्यापूर्वी लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसा, उघडा दंड हृदयाच्या पातळीवर राहील असा हात टेबलावर ठेवा आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. संध्याकाळीही तसेच करा. सात दिवसांच्या नोंदींतून पहिला दिवस वगळून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, कारण तेव्हा विचार गोळीच्या मात्रेचा करावा लागेल. आपण चहाला किती संवेदनशील आहात, हे पाहायचे असेल, तर एखाद्या दिवशी चहापूर्वी आणि नंतर तासाभराने मोजून पाहा.

चार कपांतून साधारण १२० ते २०० मिलिग्रॅम कॅफीन पोटात जाते आणि निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण सुरक्षित मानले जाते. उलट, चहातील फ्लेव्होनॉइड्स रक्तवाहिन्यांच्या अस्तराला मदत करतात. काही महिने नियमित चहा दिलेल्या लोकांच्या चाचण्यांत वरचा आकडा सरासरी दोन-तीन अंकांनी उतरलेला दिसला. मात्र एवढ्यावर चहाला औषध समजून गोळी टाळणे धोक्याचे ठरेल. मिठाचे प्रमाण दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आणणे, हे चहा सोडण्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संध्याकाळनंतरचा कप मात्र जरूर टाळा, कारण अपुरी झोप रक्तदाब वाढवते. तरीही चहा कमी करायचाच असेल, तर दर तीन-चार दिवसांनी एक कप घटवा, एकदम बंद केल्यास डोके दुखते. चहाऐवजी ‘औषधी चहा’ घेणार असाल, तर त्यात ज्येष्ठमध नाही ना, हे पाकिटावर वाचून घ्या; ज्येष्ठमध रोज पोटात गेल्यास शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब खरोखरच चढतो.